खाली नाव लिहिणारे येडे

"भाऊ, अर्ज लिवून द्या, पन खाली माहं नाव नोका टाकू."

गडचांदुरात लोकांचे अर्ज लिहून देताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की कागद पुढे ओढतानाच ते कानात वाजायला लागतं. बोलणारा माणूस शहाणा असतो. त्याला उद्याही याच भागात राहायचं असतं, इथेच कापूस विकायचा असतो, ठाण्यासमोरच्या रस्त्यावरूनच घरी जायचं असतं. ठाणेदाराची बदली होते, ठाणं जागेवर राहतं. साहेब जातात, नस्ती राहते आणि नस्तीत नाव राहतं. म्हणून तो सगळं सांगतो. तारीख सांगतो, वेळ सांगतो, सदरा वर करून पाठीवरचे वळ दाखवतो. नावापाशी आलो की उठून उभा राहतो.

आणि वर्षातून दोनतीनदा वेगळाच माणूस येतो. खुर्चीवर बसतच नाही, टेकून उभा राहतो आणि म्हणतो, "टाका जी नाव. बापाचं टाका, गावाचं टाका, समदं टाका." तो गेला की पानटपरीवरचे लोक मान हलवतात. "येडं झालं बावा हे. काहाले पाहिजे हे लचांड?"

हा लेख त्या येड्यांच्या स्तुतीचा आहे. स्तुती मनापासूनची आहे आणि तिच्या पोटात दुसरा अर्थ दडवलेला नाही.

शहाण्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही. हे अर्ज जिथे जातात तो महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग 6 मार्च 2001 पासून काम करतो आहे. त्याचं कार्यालय मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर. गडचांदूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कोरपना तालुक्यात. इथला चुनखडक भट्टीत जातो आणि सिमेंट होऊन देशभर पोचतो. माणूस मात्र एसटीने राजुऱ्याला, तिथून बल्लारपूरला जातो आणि मग रेल्वेत बसतो. जिवतीचा डोंगर चढून पलीकडे उतरलं की तेलंगणा. हा सगळा पट्टा एके काळी निजामाच्या राज्यात होता आणि अजूनही आमच्या म्हाताऱ्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं वाटतं. जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या 14 गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं. अशा गावातल्या माणसाला मारहाण झाली तर त्याने मुंबईच्या आयोगाकडे लिहायचं की हैदराबादच्या, हा प्रश्न कुठल्या परीक्षेतला नाही. तो त्याच्या पोटापाण्यासारखा रोजचा आहे.

शहाण्यांचं दुसरं म्हणणं असं की आयोगाला शिक्षा करता येत नाही. हेही खरं. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमात आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तो साक्षीदाराला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शपथपत्र घेऊ शकतो. पण चौकशी संपली की कलम 18 खाली तो शिफारस करतो: भरपाई द्या, खटला भरा, कारवाई करा. सरकारने त्यावर एका महिन्यात काय केलं ते कळवायचं. शिफारस मानलीच पाहिजे का, यावर न्यायालयांत बरीच वर्षं वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2021 मध्ये ती सरकारवर बंधनकारक असल्याचं म्हटलं, पण चंद्रपूर जिल्हा मद्रास उच्च न्यायालयाखाली येत नाही.

आणि तिसरं, सगळ्यांत कडू. तक्रार आली की आयोग अहवाल मागवतो. ती मागणी मंत्रालयाकडून किंवा पोलीस मुख्यालयाकडून अधीक्षकाकडे, अधीक्षकाकडून उपविभागाकडे, उपविभागाकडून ठाण्याकडे उतरत येते. ज्या खोलीत माणूस रात्रभर उकिडवा बसवला होता, त्याच खोलीत बसून अहवाल टाईप होतो: अर्जदाराच्या अर्जात तथ्य आढळून येत नाही.

एवढं सगळं माहीत असून जो माणूस म्हणतो "नाव टाका", तो येडाच. मला एवढंच सांगायचं आहे की आज शहाण्यांना ठाण्यात जी काही थोडीफार सभ्यता मिळते, ती अशा येड्यांनी मिळवून दिलेली आहे.

दाखला दूरचा नको. वडसा-देसाईगंज घ्या. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. तो जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला. त्याआधी देसाईगंज आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मजूर मुलगी आली, वय 14 ते 16. स्वतःहून आली नव्हती. भावाने एक तक्रार दिली होती, तिच्या चौकशीसाठी सगळ्यांना बोलावलं होतं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर पाठवलं, तिला थांबवून घेतलं. ठाण्याचे दिवे मालवले, दार बंद झालं. आत दोन पोलीस होते.

ती बाहेर आली आणि तिने जमलेल्यांना सांगितलं काय झालं ते. इथे थांबून विचार करावा. आई नाही, बाप नाही, जमीन नाही, अक्षर नाही. समोर ठाणं. शहाणपण सांगत होतं की गप्प घरी जा. ती बोलली. गर्दी वाढली, ठाणं पेटवून देण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे तिचा जबाब लिहून घेतला गेला. शहाण्यांनी इथे हेही पाहावं, की तो जबाब कुणा अधिकाऱ्याच्या न्यायबुद्धीने नव्हे, बाहेर उभ्या असलेल्या माणसांमुळे कागदावर आला.

पुढचं देशाला ठाऊक आहे. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोख. सर्वोच्च न्यायालयाच्या वर कुठे जायला जागा नसते. शहाणा माणूस इथे कागद बांधून माळ्यावर टाकतो.

16 सप्टेंबर 1979 ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. वकीलपत्र त्यांचं नव्हतं, खटला संपून वर्ष झालं होतं, आणि कायदा शिकवणाऱ्यांनीच सर्वोच्च न्यायालयाला तुमचं चुकलं म्हणून लिहायचं, याला त्या काळात येडेपणाच म्हणत असतील. त्यांचा मुद्दा साधा होता. भीतीने मान तुकवणं वेगळं आणि होकार वेगळा. ठाण्यात, रात्री, पोलिसासमोर एखादी पोर ओरडली नाही म्हणून तिचा होकार होता असं कसं म्हणता? पत्राखाली चौघांची नावं होती. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये फौजदारी कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं. सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद आली. आणि पीडितेचं नाव छापायला बंदी आली.

म्हणून मी तिचं नाव इथे लिहीत नाही. तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात ते नाव आहे. पण आपलं नाव झाकायचा हक्क बाकीच्या बायकांना तिच्या उघड्या नावाच्या किमतीवर मिळाला. आमच्या जिल्ह्याने तेवढं तरी लक्षात ठेवावं. तिला स्वतःला काय मिळालं, असं शहाणे विचारतात. काहीही नाही. सुटलेले सुटलेच. हे मी लपवत नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक येड्याला मी हे आधी सांगतो आणि तरी तो म्हणतो, "टाका."

ओडिशातल्या एका आईचं पत्र असंच. मुलगा 22 वर्षांचा. पोलिसांनी चौकशीला नेला, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळाजवळ सापडलं. 14 सप्टेंबर 1988 ला तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि 1993 मध्ये सरकारने तिला दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. पैशापेक्षा मोठी गोष्ट त्या निकालात आहे: मूलभूत हक्क मोडला तर राज्याने स्वतः भरपाई द्यायची आणि 'हे तर राज्याचं सार्वभौम काम' म्हणून त्याला अंग झटकता येणार नाही. आज कुठल्याही आयोगाच्या आदेशात 'भरपाई' हा शब्द येतो, तेव्हा त्यामागे ती आई उभी असते. पश्चिम बंगालमध्ये विधी साहाय्याचं काम करणारे डी. के. बसू यांनीही 1986 मध्ये वर्तमानपत्रांतल्या कोठडीमृत्यूच्या बातम्या पाहून सरन्यायाधीशांना पत्रच लिहिलं होतं. त्यावर 1996 चा निकाल आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, हे सगळं तिथून. शहाणा माणूस आज ठाण्यात गेला आणि समोरच्या पोलिसाच्या छातीवरचं नाव वाचू शकला, तर ती सोय एका पत्राने करून दिलेली आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

आता रीत. येडेपणालाही रीत लागते. ती ठाऊक नसली तर छातीचा कोट करून लिहिलेला अर्ज पहिल्याच टेबलावरून परत फिरतो, आणि मग शहाणे म्हणतात, पाहा.

फी लागत नाही. वकील लागत नाही. मुंबईला जावं लागत नाही. टपालाने पाठवता येतं, ऑनलाइनही करता येतं. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं, तेव्हा आता 'रजिस्ट्री करून या' म्हणण्याऐवजी 'स्पीड पोस्ट करून पावती आणा' म्हणायचं. पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवायची. डोंगरातल्या घरात पाऊस गळतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.

राष्ट्रीय आयोगाचे 1994 चे कार्यपद्धतीचे नियम आहेत. कोणत्या तक्रारी दारातूनच परत जातात त्याची यादी त्यात आहे आणि मी ती कित्येकदा लोकांना वाचून दाखवली आहे. वाचता न येणारी, मोघम, निनावी किंवा खोट्या नावाची, सही नसलेली. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाची. दिवाणी वादाची, नोकरीतल्या बढती-बदलीची, कामगार आणि मालक यांच्या तंट्याची. आमच्या सिमेंटच्या पट्ट्यात हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली म्हणून आयोगाकडे आलेला कंत्राटी कामगार चुकीच्या दारात उभा असतो. त्याचं दार कामगार कार्यालयाचं आणि कामगार न्यायालयाचं. त्याच कामगाराला गेटवरून उचलून ठाण्यात मारलं असेल, तर मात्र दार हेच.

आणखी एक. आमच्याकडे अर्जाखाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' लिहून राष्ट्रपतींपासून पालकमंत्र्यांपर्यंत दहा नावं घालायची पद्धत आहे. वजन वाढतं अशी समजूत. दुसऱ्या कुणाला लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत आयोगाला गेली, तर ती या नियमांत बसत नाही. अर्ज आयोगालाच लिहिलेला हवा, मूळ सहीचा हवा. आणि राज्याच्या आयोगापुढे प्रकरण सुरू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, हे कलम 36 मध्ये आहे. म्हणून दोन्हीकडे धाडून वाट पाहण्यात काही साधत नाही.

तक्रार लोकसेवकाविरुद्ध हवी. हक्क मोडल्याची, मोडायला मदत केल्याची, किंवा मोडताना डोळेझाक केल्याची. या तिसऱ्या प्रकाराकडे लोकांचं लक्ष जात नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना, त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या, भर चौकात बांधून मारलं. मारणारे गावातलेच. त्यांच्यावर गुन्हा दाखल करणं हे पोलिसांचं काम, जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. आयोग गावकऱ्यांवर खटला चालवत नाही. पण अशा कुठल्याही गावात धोका दिसत असताना ज्याचं काम थांबवण्याचं होतं त्याने थांबवलं का, हा प्रश्न आयोगाला विचारता येतो. तो विचारायला मात्र कुणीतरी नावानिशी लिहावं लागतं.

गडचिरोलीच्या बाजूला गेलं की आणखी एक पेच. राज्य आयोग राज्याच्या पोलिसांची चौकशी करू शकतो. 1990 मध्ये उभं राहिलेलं सी-60 पथक राज्य पोलिसांचं. केंद्रीय राखीव पोलीस दल केंद्राचं, आणि केंद्राच्या सशस्त्र दलांसाठी कायद्यात कलम 19 वेगळं आहे. तिथे राष्ट्रीय आयोगदेखील स्वतः चौकशी करत नाही. केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो आणि त्यावर शिफारस करतो. म्हणजे एटापल्ली-भामरागडच्या जंगलातल्या माणसाला अंधारात दारावर लाथ बसली, तर ती लाथ कुठल्या दलाची होती हे त्याला ओळखता आलं पाहिजे. मी लोकांना सांगतो: गणवेशावरची चिन्हं आठवा, गाडीवरचा नंबर आठवा, बोलणारे मराठीत बोलत होते, गोंडीत की हिंदीत ते लिहा. एवढी बारीक नजर त्या वेळेला कुणाची राहणार? तरी काही माणसं आठवून आठवून सांगतात. त्यांच्याबद्दल मला वाटणारा आदर मोठ्या विद्वानांबद्दलही वाटत नाही.

भाषेचंही असंच. तक्रार हिंदीत, इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहिता येते. मराठी त्यात आहे, तेलुगू आहे. गोंडी नाही, कोलामी नाही. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानलेल्या आदिवासी जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया. त्यांतल्या दोन आमच्या या दोन जिल्ह्यांत राहतात. ज्यांना तक्रारीची गरज सगळ्यांत जास्त, त्यांचं दुःख कागदावर येण्याआधी दुसऱ्याच्या भाषेत शिरतं. कोलाम म्हातारी तीन वाक्यं बोलते, भाचा एक वाक्य मराठीत सांगतो. उरलेली दोन कुठे गेली ते मी विचारत राहतो.

पण सगळ्यांत जास्त अर्ज मारतो तो एक वर्षाचा नियम. घटना घडून वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. शहरात वर्ष म्हणजे पुष्कळ वेळ. आमच्याकडचं वर्ष कसं सरतं ते सांगतो. पावसाळ्यात मार बसला तर माणूस आधी बरा होतो, निंदण-खुरपण उरकतो. दिवाळीपासून कापसाची वेचणी. ती संपली की पोटासाठी तेलंगणात मिरची तोडायला, खम्मम-वरंगळच्या शेतांत, बायकापोरांसह. परत येतो तो मोहफुलाच्या दिवसांत. मग मे महिन्यात तेंदूपत्ता. तेंदूपत्त्याचे पैसे हातात आल्यावर तो माझ्याकडे येतो आणि पहिल्यांदा सगळं सांगतो. मी तारखा मोजतो. कधी वर्षाला आठ दिवस बाकी असतात, कधी वर्ष होऊन गेलेलं असतं. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहून 'उशीर झाला' म्हणायचं असतं. हे माझ्या कामातलं सगळ्यांत जड वाक्य आहे.

येडे इथेही शहाण्यांना मागे टाकतात. ते वाट पाहत नाहीत. सूज असतानाच येतात.

आता माझ्याविषयी सांगणं भाग आहे, कारण नाव लिहिणाऱ्यांची स्तुती करणाऱ्याने आपलं नाव कुठे होतं हे सांगितलं पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या आवारात मी एका पोराला मार खाताना पाहिलं. कुठल्या कार्यालयाच्या, ते इथे लिहीत नाही. घरी येऊन रात्री पत्र लिहिलं, तपशीलवार, तारीख-वेळेसह. खाली लिहिलं: 'एक जागरूक नागरिक'. त्या पत्राचं उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं, कारण उत्तर पाठवायला पत्ताच नव्हता. तो पोरगा पुढे गाव सोडून गेला. नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की तक्रार पीडित माणसानेच करावी असं नाही. त्याच्या वतीने कुणालाही करता येते, कलम 12 मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणजे त्या पोराला भीती होती तर त्याच्या जागी माझं नाव चाललं असतं. एक सही कमी पडली आणि ती माझी होती. त्यानंतरही बरीच वर्षं मी दुसऱ्यांना ते कलम सांगत राहिलो.

जगभर हे असंच आहे. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून 1981 मध्ये मानवी आणि लोकांच्या हक्कांची सनद केली. तिचा आयोग गांबियातल्या बांजूल शहरात बसतो. त्या सनदेचं कलम 56 मी अनेकदा वाचलं आहे. तक्रार नुसत्या वृत्तपत्रांतल्या बातम्यांवर उभी नको. भाषा शिवराळ नको. आधी आपल्या देशातल्या न्यायालयांचे उपाय संपवलेले हवेत, ते विनाकारण लांबवले जात असतील तर गोष्ट वेगळी. आणि पहिलीच अट अशी की लिहिणाऱ्याने आपली ओळख दिली पाहिजे, मग नाव गुप्त ठेवा अशी विनंती तो करू शकतो. नाव झाकून ठेवता येईल, पण नाव हवं. युरोपच्या माणसाला देशाबाहेर स्ट्रासबुर्गचं न्यायालय आहे, अमेरिका खंडातल्या माणसाला वॉशिंग्टनमधला आयोग आहे. आशिया खंडाचा असा आयोग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत 1979 मध्ये सामील झाला, पण एकट्या माणसाला थेट तिथल्या समितीकडे तक्रार नेऊ देणारी जोडपत्रिका भारताने स्वीकारलेली नाही. आमच्या माणसासाठी देशातली न्यायालयं आहेत आणि मुंबई-दिल्लीचे आयोग आहेत. त्यापलीकडे वर जिना नाही. म्हणून या पायरीवर कुणी तरी उभं राहिलंच पाहिजे असं मला वाटतं.

अर्ज गेल्यावरही काम संपत नाही. ठाण्याचा अहवाल आला की त्यावर अर्जदाराचं म्हणणं मागवणारं पत्र येतं. 'तथ्य आढळत नाही' वाचून पुष्कळ जण खचतात आणि गप्प बसतात, आणि उत्तर नाही म्हणून प्रकरण बंद पडतं. ते पत्र हा अर्जदाराचा दुसरा अर्जच असतो. अहवालात स्टेशन डायरीची कुठली नोंद सांगितली आहे, दवाखान्याच्या कागदावरची वेळ तिच्याशी जुळते का, साक्षीदार म्हणून कुणाची नावं आहेत आणि ते त्या दिवशी गावात होते का. एकेक ओळ घेऊन उत्तर लिहायचं. शिवाय कायद्याने आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो आणि सरकारने एखादी शिफारस मानली नसेल तर न मानण्याची कारणं सोबत द्यावी लागतात. कुणाला तरी, कधीतरी, लेखी कारण द्यावं लागेल. जिवतीच्या डोंगरातल्या माणसाला सरकारने आजवर फारशी लेखी कारणं दिलेली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात डोंगरावरच्या एका गुड्यातून एक कोलाम बाई आली. सोबत भाचा. मुलाला दोन रात्री बसवून ठेवलं होतं, मारलं होतं. कुठे आणि कुणी ते अर्जात आहे. मी माझं नेहमीचं सगळं सांगितलं. मुंबई लांब आहे, अहवाल ठाण्यातूनच येईल, शिक्षा होणार नाही, झाली तर शिफारस होईल, पोराला पुन्हा त्रास होऊ शकतो. भाच्याने कोलामीत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एक लांबलचक वाक्य बोलली. भाचा म्हणाला, "टाका म्हनते." मी म्हटलं, ती एवढंच नाही बोलली, सगळं सांग. तो थोडा लाजला. मग म्हणाला, "ते म्हनते, पोराले मारताना त्याचं नाव इचारलं होतं त्याहीनं. कागदावर लिवलं होतं. मंग आपुन काहाले लपवाचं?"

अर्ज झाला. दिवस मोजले, वर्षाला सात महिने बाकी होते. शाईची डबी उघडून तिचा डावा अंगठा टेकवला आणि बाजूला रीतीप्रमाणे लिहिलं: निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. अंगठा लावणाऱ्याचा कागद ज्याने लिहिला त्याने खाली 'दस्तुर' म्हणून आपलं नाव घालायचं असतं. इतकी वर्षं मी ती जागा कोरी सोडत आलो होतो आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी तिने बोट ठेवलं तिथे. तिला वाचता येत नाही, पण अंगठ्याखाली आणखी कुणाचं तरी नाव येतं हे तिला माहीत होतं. जमिनीच्या कुठल्या तरी जुन्या कागदावर पाहिलं असेल.

मी पूर्ण नाव लिहिलं. बापाचं, आडनावाचं, गडचांदूरचं, तालुका कोरपना, जिल्हा चंद्रपूर. मग तिने अंगठा डोक्याच्या केसांना पुसला आणि भाच्याला म्हणाली, पोस्ट किती वाजता बंद होतं ते विचार.